केअर सेंटरमधली थेरपी: ‘चालू आहे’ म्हणजे नेमकं काय चालू आहे?

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली ज्येष्ठांच्या केअर सेंटरची जाहिरात आठवड्याला एक तरी येतेच. पोरं पुण्याला नाहीतर सुरतला, गावी दोघं म्हातारी, त्यात एकाला लकवा मारला किंवा मांडीचं हाड मोडलं की घरच्यांची धावाधाव होते आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, सेंटरला ठेवून पाहू. जाहिरातीत खाली एक ओळ असते, २४ तास नर्सिंग, फिजिओ आणि ओटीची (ऑक्युपेशनल थेरपीची) सोय. आपण वाचतो, बरं वाटतं, पैसे भरतो. महिन्याने फोन केला की पलीकडून उत्तर येतं, हो हो, थेरपी चालू आहे.

ही चालू असलेली थेरपी कामाची आहे का हे ठरतं कसं, थेरपिस्टने पुराव्याच्या आधारे काम करावं असं जगभर म्हणतात त्याचा अर्थ काय, आणि तसं होत का नाही, हे मला सांगायचंय. मी स्वतः ओटी आहे, खान्देशातच काम करते, आणि मला मनापासून वाटतं की हा विषय आमच्या कॉन्फरन्सपुरता राहून उपयोग नाही, तो पेशंटच्या मुलीला, जावयाला, सेंटर चालवणाऱ्या भाऊंना आणि तिथल्या मावश्यांना कळला पाहिजे.

## आधी ओटी काय करतो ते

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आणि ती करणाऱ्यालाही बोलताना ओटीच म्हणतात. आजारपणामुळे किंवा वयामुळे माणसाची रोजची कामं अडतात, ती पुन्हा जमवून देणं हे आमचं काम. अंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, आणि त्याच्या पुढची, ज्यात त्या माणसाचा जीव असतो ती कामं, म्हणजे पूजा, स्वयंपाक, पोथी, ओट्यावर बसून चार लोकांशी बोलणं. फिजिओ मुख्यतः ताकद, चाल, सांधे, तोल बघतो, आणि आम्ही त्या ताकदीतून काम कसं होईल ते बघतो, अर्थात दोघांचं बरंच एकमेकांत मिसळलेलं असतं. कधी पेशंटला शिकवावं लागतं, कधी चमच्याचा दांडा जाड करावा लागतो, कधी कमोडच्या बाजूला भिंतीत धरायला दांडा बसवला की निम्मा प्रश्न सुटतो.

भारतात हे काही कालपरवाचं नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली ओटी शाळा सुरू केली, आमची देशपातळीवरची संघटना १९५२ पासून आहे.

## पुराव्यावर आधारित काम म्हणजे पुस्तकी काम नाही

१९९६ साली डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याची जी व्याख्या दिली ती आजही सगळीकडे शिकवतात. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात: उपलब्ध असलेलं चांगल्यातलं चांगलं संशोधन, थेरपिस्टचा स्वतःचा अनुभव, आणि पेशंटला काय हवंय ते.

रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरी बघा. खताचा डोस ठरवताना कृषी विद्यापीठाची शिफारस त्याच्याकडे असते, ती अनेक ठिकाणी प्रयोग करून काढलेली असते, पण ती डोळे मिटून तो ओतत नाही, आपल्या मातीचा रिपोर्ट आणि इतक्या वर्षांचा अंदाज त्यात घालतो, आणि माल कधी काढायचाय, खिशात किती आहे हेही बघतो. शेजाऱ्याने टाकलं म्हणून मीही टाकलं असं करणारा फसतो, आणि शिफारशीच्या कागदाबाहेर जायचंच नाही म्हणणाराही फसतो. आमच्या कामात शिफारस म्हणजे संशोधन, माती म्हणजे समोरचा पेशंट, आणि काय हवंय ते पेशंटने ठरवायचं.

संशोधनातही सगळं सारख्या वजनाचं नसतं. “माझ्या एका पेशंटला फरक पडला” हा सगळ्यात हलका पुरावा, कारण तो पेशंट आपोआपही सुधारला असेल, लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत बरीच सुधारणा तशीही होते. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंट दोन गटांत वाटतात, एकाला नवी थेरपी आणि दुसऱ्याला नेहमीची, आणि मग मोजतात. याला आपण चाचणी म्हणू. अशा बऱ्याच चाचण्या गोळा करून, तपासून, एकत्र निष्कर्ष काढला की तो सगळ्यात वजनदार. हे काम करणारी मोठी संस्था म्हणजे कोक्रेन.

## शंकू, खुंट्या आणि परात

आता मूळ दुखण्यावर येते. कुठल्याही थेरपी रूममध्ये जा, एका टेबलावर प्लास्टिकचे रंगीत शंकू असतील, भोकं असलेली पाटी आणि त्यात घालायच्या खुंट्या असतील. लकवा झालेल्या आजींना खुर्चीत बसवायचं आणि शंकू इकडून उचलून तिकडे ठेवायला लावायचे. अर्धा तास झाला की रजिस्टरला सही. जेवायच्या वेळी मात्र त्याच आजींना मावशी भरवते, कारण आजी स्वतः जेवल्या तर पाऊण तास लागतो आणि मावशीला अजून बाकीच्यांकडे जायचं असतं.

अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये पाच गोष्टींची यादी काढली, या करू नका किंवा करायच्या आधी प्रश्न विचारा म्हणून. त्यातलीच एक ही, पेशंटच्या आयुष्याशी संबंध नसलेल्या शंकू-खुंट्यांसारख्या हालचाली थेरपी म्हणून देऊ नका. दुसरी, स्मृतीसाठी नुसते कागद-पेन्सिलचे खेळ देऊ नका, ते रोजच्या एखाद्या कामाशी जोडलेले नसतील तर. मेंदू जे काम करतो तेच शिकतो हे लकव्यावरच्या संशोधनात वारंवार दिसलंय, कामाचा सराव केला की काम सुधारतं, आणि शंकूचा सराव केला की मुख्यतः शंकू उचलणं सुधारतं.

मग करायचं काय? माझ्या एका पेशंट आजी होत्या, डावा हात कमजोर, बोलायला थोडं अडखळायच्या. खुंट्यांकडे बघायच्याही नाहीत. एक दिवस विचारलं, काय करावंसं वाटतं, तर म्हणाल्या, “माले भाकर करता येस अजून.” सेंटरच्या स्वयंपाकघरात टेबलावर परात ठेवली, परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं, डावा हात परातीच्या काठावर ठेवला, बोटं आपोआप मिटायची ती एकेक उघडून काठाला लावली आणि उजव्या हाताने कळण्याचं पीठ मळायला सांगितलं. डाव्या हाताचं काम फक्त परात धरून ठेवायचं. पहिल्यांदा परात दोनदा फिरली. आजींनी स्वतःच हात नीट केला, मला पुढे यायची गरज पडली नाही. आता बघा, त्यात पोहोच आहे, पकड आहे, दोन्ही हात एकत्र वापरणं आहे, टेबलाशी उभं राहिलं तर तोलही आहे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या स्वतः विचारतात की आज आहे का.

## “पैसे भरून आईला भाकरी थापायला ठेवलंय का?”

हा प्रश्न मला एका मुलाने विचारला, रागावूनच, आणि त्यांचा राग मला समजतो. आपल्याकडे म्हातारपणी काम करायला लागणं म्हणजे घरच्यांनी टाकल्याची खूण, आणि सेवा म्हणजे सगळं हातात आणून देणं. त्यामुळे मशीन दिसलं, पट्टे दिसले, लाइट लागला की थेरपी झाल्यासारखी वाटते आणि परात दिसली की राबवून घेतायत असं वाटतं.

त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. काम पेशंटने निवडलेलं असलं पाहिजे, त्यामागे लिहिलेलं ध्येय असलं पाहिजे (उदाहरणार्थ, सहा आठवड्यांत डाव्या हाताने ताट धरून उजव्याने स्वतः जेवणं), आणि ते मोजलं गेलं पाहिजे. या तीन गोष्टी नसतील तर तुमचा राग बरोबर आहे, भांडाच. असतील तर ती थेरपीच आहे. आणि आजोबांना परातीत रस नसेल तर त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी, बंडीची बटणं, रेडिओचं बटण, देवाच्या वाती वळणं, कुंडीला पाणी घालणं. सगळ्यांना एकच काम दिलं की त्याचाही शंकूच होतो.

## पुली आणि रात्रीचा स्प्लिंट

काही गोष्टी नुसत्या निरुपयोगी नसतात, त्रासाच्या असतात. लकव्यात लुळा पडलेला हात दोरी-पुलीला बांधायचा आणि चांगल्या हाताने ओढून वर न्यायचा, हे अजूनही बऱ्याच ठिकाणी सर्रास चालतं. १९९० साली एक छोटी चाचणी झाली होती, फक्त २८ पेशंट, तीन प्रकारचे व्यायाम. थेरपिस्टने हाताने हळूच हालचाल दिली त्या गटात ८ टक्के लोकांना खांदा दुखायला लागला, पुलीच्या गटात ६२ टक्के. २८ हा आकडा लहान आहे हे खरं, पण अमेरिकन संघटनेच्या त्या पाचांच्या यादीत लकव्याच्या खांद्याला पुली लावू नका हेही आहे. खांद्याला आधार देणारे स्नायूच काम करत नसतात आणि आपण दोरीने हात वर खेचतो, सांध्यात चिमटतं, दुखतं, मग पेशंट तो हात कोणाला हलवूच देत नाही.

दुसरं, आखडू नये म्हणून हाताला रात्रभर बांधायचा स्प्लिंट, म्हणजे हात सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी. २०१७ मध्ये कोक्रेनने ४९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, ताण देणं, स्प्लिंट, प्लास्टर वगैरे सगळं धरून, आणि लकव्यासारख्या मेंदूच्या आजारांत सांध्याची हालचाल वाढण्यात कामाचा म्हणावा असा फरक दिसला नाही. यात एक मर्यादा आहे, सात महिन्यांपेक्षा जास्त काळ वापरलं तर काय होतं ते या चाचण्यांतून कळत नाही. म्हणून आज वाचलं आणि रात्री आईचा स्प्लिंट काढून फेकला असं करू नका, कधीकधी तो तळहातात नखं रुतू नयेत किंवा दुखू नये म्हणूनही दिलेला असतो. थेरपिस्टला विचारा की हा कशासाठी आहे आणि उपयोग होतोय हे आपल्याला कसं कळणार. पुराव्याचा वापर असा प्रश्न विचारण्यापासूनच सुरू होतो.

## संशोधन तिकडचं, माणसं इकडची

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते आणि त्यात तथ्य आहे. चाचण्या बहुतेक अमेरिका, इंग्लंड, नेदरलँड, ऑस्ट्रेलियातल्या. तिकडे कमोड, इकडे बरेचदा भारतीय संडास, तिकडे खुर्ची-टेबल, इकडे पाटावर मांडी घालून जेवण. बाथटबमधून बाहेर यायची ट्रेनिंग आपल्या काही कामाची नाही.

पण त्यातलं तत्त्व घेता येतं. १९९७ साली लॉस एंजेलिसमधल्या ३६१ ज्येष्ठांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला ओटी, दुसऱ्याला नुसते गप्पागोष्टी-खेळ असे करमणुकीचे कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. ओटीच्या गटाची तब्येत आणि समाधान दोन्ही बरं राहिलं, आणि करमणुकीचा गट व काहीच न मिळालेला गट यांच्यात फारसा फरक नव्हता. ही माणसं सेंटरमधली नव्हती, स्वतंत्र राहणारी होती, हे लक्षात ठेवायचं, पण ज्या सेंटरमध्ये थेरपी म्हणजे रोज संध्याकाळी टाळ्या वाजवणं आणि फुगे उडवणं एवढंच असतं तिथे हा निकाल विचार करायला लावणारा आहे. नेदरलँडमध्ये २००६ साली स्मृतिभ्रंशाच्या १३५ पेशंटवर चाचणी झाली, घरी जाऊन पाच आठवड्यांत दहा भेटी, पेशंटसोबत सांभाळणाऱ्यालाही शिकवलं, आणि रोजची कामं सुधारली, सांभाळणाऱ्यालाही आपण हे निभावू शकतो असं जास्त वाटायला लागलं. सांभाळणाऱ्याला शिकवायचं हे तत्त्व आपल्याकडे तर जास्तच लागू पडतं, आपल्याकडे सून असते, नात असते, सेंटरमध्ये मावशी असते.

## पुरावाच म्हणाला की फायदा नाही, तर?

हेही झालंय आणि आमच्या लोकांना ते वाचायला जड जातं. ब्रिटनमध्ये २२८ केअर होममधल्या १०४२ लकव्याच्या रहिवाशांवर मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. तीन महिने ओटी दिली, स्टाफला शिकवलं, साधनं दिली, आणि रोजच्या कामांच्या मार्कांत म्हणावा असा फरक पडला नाही.

मग ओटी बंद करायची का? मला तसं वाटत नाही, पण मला वाटतं म्हणून तो निकाल झाकायचाही नाही. त्या चाचणीतले लोक खूप वयस्क होते, बहुतेकांचं अपंगत्व गंभीर होतं, अनेकांची स्मृती गेलेली होती, आणि थेरपिस्टच्या भेटी सरासरी पाचच झाल्या. त्यावरून मी माझ्यापुरतं हे ठरवलंय की अशा पेशंटच्या घरच्यांना “महिन्यात चालायला लावतो” असं सांगायचं नाही. तिथे ध्येय वेगळं ठेवायचं, बसायची पद्धत नीट करणं, जखमा होऊ न देणं, घास नीट गिळता येईल असं बसवणं, दिवसातून एकदा तरी आवडीचं काहीतरी घडणं. आणि जिथे सुधारणेला वाव आहे तिथे जास्त वेळ द्यायचा. पैशाच्या बाबतीतही घरच्यांना हे आधीच खरं सांगितलं पाहिजे.

## थेरपिस्टला हे कळत नाही का?

कळतं. ऑस्ट्रेलियात २००३ साली ६४९ ओटींना विचारलं तर जवळजवळ सगळे म्हणाले की पुराव्यावर आधारित काम महत्त्वाचं आहे, पण निर्णय घेताना बहुतेकांचा भर अनुभवावर आणि सहकाऱ्यांच्या सांगण्यावर. अडचण विचारली तर पहिलं उत्तर, वेळ नाही.

इथे मी थेरपिस्टची बाजू घेणार. दिवसाला ठरावीक पेशंट झालेच पाहिजेत, प्रत्येकाची सही झालीच पाहिजे, संध्याकाळी बिल त्यावरच निघणार, अशा ठिकाणी नवीन पोरगी कॉलेजमधून सगळं शिकून येते आणि सहा महिन्यांत शंकू काढून बसते, कारण शंकू लावून एकाच वेळी तीन पेशंट बघता येतात आणि परात-फडक्यात एकच होतो. पैसे कशाचे मिळतात त्याप्रमाणे काम वाकतं. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथल्या नर्सिंग फॅसिलिटींना सरकारी मेडिकेअर योजनेतून थेरपीच्या मिनिटांवर पैसे मिळायचे, आठवड्याला ७२० मिनिटं गाठली की सगळ्यात वरचा दर, आणि आश्चर्य म्हणजे ७२० च्या जरासं पुढे जाऊन थांबणारे पेशंट भरपूर निघायला लागले. ऑक्टोबर २०१९ पासून नियम बदलला, पैसे पेशंटच्या आजारावर आणि गरजेवर ठरायला लागले. तर मग उलटं झालं, थेरपीची मिनिटं कमी केली गेली, अनेक थेरपिस्टच्या नोकऱ्या गेल्या. दोन्ही वेळी पेशंटला काय गरज आहे हा प्रश्न मागेच पडला.

म्हणून थेरपिस्टला “वाचत जा गं जरा” एवढं सांगून काही होत नाही, आणि माझं म्हणणं तेच आहे, की हे एकट्या थेरपिस्टच्या हौसेवर सोडायचं नाही, सेंटरच्या रोजच्या वेळापत्रकात बसवायचं.

## मग सेंटरवाल्या भाऊंनी काय करायचं

पहिलं म्हणजे मोजणी. बार्थेल नावाची एक सोपी मार्कांची पद्धत आहे, १९६५ पासून वापरात, दहा कामं, जेवण, अंघोळ, आवरणं, कपडे, संडास-लघवीवरचा ताबा, संडासचा वापर, अंथरूण ते खुर्ची, चालणं, जिने, आणि एकूण शंभर मार्क. दाखल होताना एकदा आणि मग दर महिन्याला. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, कागद-पेन पुरतं. हे मार्क थेरपिस्टला परत दाखवायचे, तुझ्या पेशंटमध्ये कोण वर गेलं, कोण तिथेच आहे. काम तपासून त्याचा निकाल करणाऱ्याला सांगणं, या साध्या गोष्टीवर कोक्रेनने २०१२ मध्ये १४० चाचण्या एकत्र केल्या होत्या, योग्य पद्धतीने काम होण्याचं प्रमाण साधारणपणे ४ टक्क्यांच्या आसपास वाढलं. कमी वाटतं ना, पण जिथे सुरुवात वाईट असते, आणि सांगणारा जवळचा वरिष्ठ असतो, लेखी सांगतो, पुढचं ध्येय ठरवून देतो, तिथे फरक जास्त दिसतो. फक्त दम द्यायला हे मार्क वापरले तर पुढच्या महिन्यापासून खोटे मार्क भरले जातील, हे नक्की.

दुसरं, आठवड्यातला एक तास, पगारी, पेशंटशिवाय. त्या तासात एकच प्रश्न घ्यायचा, खऱ्या पेशंटचा. प्रश्न नीट विचारायची पद्धत आहे: कोणासाठी, काय करायचं, कशाच्या तुलनेत, आणि काय बदलायला हवं. “लकव्याला काय चांगलं” असं शोधलं तर हजारो पेपर येतात आणि माणूस फोन बंद करतो, पण “लकव्यानंतर सहा महिने झालेल्या पेशंटला स्वतः जेवण्याचा सराव, हाताच्या नुसत्या व्यायामापेक्षा जास्त उपयोगी का” असं शोधलं की हाताला काहीतरी लागतं. पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या वेबसाइटवर शोधायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे एका सेंटरला एकच ओटी असतो, म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक असे चार-पाच ठिकाणचे मिळून व्हिडिओ कॉलवर हा तास करता येतो, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी भांडायचं.

तिसरं मावश्या आणि मामा. थेरपिस्ट पेशंटजवळ तासभर, हे लोक दिवसरात्र. पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात, अगदी सोप्या बोलीत एक कागद लावायचा: आजी डाव्या हाताने ताट धरतात, पहिले दहा घास त्यांचे त्यांना घेऊ द्या, मग भरवा. दहाच का, कारण पाऊण तास कोणत्याच मावशीकडे नसतो आणि न जमणारी सूचना कोणी पाळत नाही.

## आमच्याकडे थेरपिस्ट आठवड्यातून एकदाच येतो

खान्देशात बहुतेक ठिकाणी ही परिस्थिती आहे आणि लवकर बदलेल असं दिसत नाही. पण मग त्या एका दिवसात सगळ्यांना पंधरा-पंधरा मिनिटं शंकू देण्यापेक्षा चार पेशंट नीट बघायचे, त्यांचं एकेक काम निवडायचं, मावशीसमोर ते करून दाखवायचं, मावशीकडून करवून घ्यायचं, कागद लावायचा, आणि मधल्या दिवसांत मावशीने घरच्यांच्या परवानगीने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवायचा. पुढच्या आठवड्यात पुढचे चार.

आणि घरच्यांनी फोनवर “थेरपी चालू आहे ना” असं विचारण्याऐवजी हे विचारावं: आईचं आत्ताचं ध्येय काय, ते कोणी ठरवलं, मागच्या महिन्यात बार्थेलचे मार्क किती होते आणि आता किती आहेत. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल, चार दिवस द्या. दोन-तीन घरच्यांनी हे लावून धरलं की सेंटरमध्ये तो तक्ता तयार होतो, हे मी होताना बघितलंय.